धुतलेला कॉम्प्युटर

आमच्या गाडीत कॉम्प्युटर आहे ही गोष्ट मला गाडी चौदा वर्षं दहा महिन्यांची झाल्यावर कळली. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की गाडीत एक इंजिन असतं, चार चाकं असतात आणि बाकीचं सगळं गॅरेजवाल्याला माहीत असतं. आमची किमया आठवीत असताना घरात कॉम्प्युटर घ्यावा की नाही यावर आमच्याकडे सहा महिने चर्चा चालली होती. मुलं बिघडतात, डोळे जातात, वगैरे. त्या सहा महिन्यांत एक कॉम्प्युटर खाली पार्किंगमध्ये उभा होता आणि मी रोज त्याच्यात बसून कामावर जात होतो. कोणी सांगितलं असतं तर निदान दसऱ्याला त्याला हळदकुंकू तरी वाहिलं असतं.

तो आहे हे कळलं ते तो बिघडल्यामुळे. सुरुवात भिसे खिंडीत झाली. दर शनिवारी आम्ही रोह्याहून माझ्या सासुरवाडीला, म्हणजे पेणच्या पलीकडे खाडीकाठी जे गाव आहे तिथे जातो. खिंडीच्या चढावर गाडी अशी रेंगाळली की मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवायचा सोडून खाली उतरला आणि काय झालं म्हणून विचारायला आला. मग आम्ही खिंड सोडली आणि कोलाडवरून हायवेने जायला लागलो. तर पुढच्याच शनिवारी खांब गावाजवळ गाडी सरळ बंद पडली. पाच मिनिटं आम्ही तिच्याकडे बघत उभे राहिलो आणि ती पुन्हा सुरू झाली. त्यानंतर तिला ताळतंत्र उरलं नाही. टाकी भरली की पेट्रोलचा काटा खाली जाई. गाडी बंद करून आम्ही जिना चढलो तरी तिचा पंखा फिरत राही. समोर इंजिनाचं एक पिवळं चित्र पेटायला लागलं होतं, ते मी पहिले दोन आठवडे सजावट समजून सोडून दिलं.

रोह्याला लागून असलेल्या वरशाला आम्ही राहतो त्या इमारतीत सोळा बिऱ्हाडं आहेत आणि गाडी हा विषय निघाला की कोणी घरात थांबत नाही. वरच्या मजल्यावरचा प्रणित पतपेढीत आहे, पण त्याचा खरा जीव मोबाईलवरच्या व्हिडिओंत. त्याने एक व्हिडिओ बघून प्लग बदलायला लावले, दुसरा बघून बॅटरी आणि तिसरा बघून कॉइल. प्रत्येक वेळी गाडी चार दिवस शहाण्यासारखी वागायची आणि पाचव्या दिवशी एखादा नवा प्रकार काढायची. तळमजल्यावरच्या प्रतिक्षावहिनींचं म्हणणं पडलं की नजर लागली आहे. ज्या गाडीचा मागचा बंपर तारेने बांधला आहे तिला नजर लावायला कोण बसलं आहे, असं मी विचारलं. तरी त्यांनी लिंबू-मिरची बांधलीच. त्या सगळ्या उपायांत तेवढ्या एकाच उपायाने नवा बिघाड झाला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

आता इथे कोणी म्हणेल, एवढं होतं तर गाडी काढून टाकायची. तर गाडी माझी असली तरी तिच्यावर हक्क होता माझ्या सासूबाईंचा. धोंडुबाई त्यांचं नाव. वय त्र्याहत्तर. गावाच्या मिठागरात त्यांचा हिस्सा आहे आणि सासरे गेल्यापासून तो त्या स्वतः बघतात. रोज सकाळी बांधावरून चालत जाऊन पाणी किती चढलं, मीठ किती धरलं, हे बघितल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्या अंगणात घसरून पडल्या आणि शेजारच्या बायजाला दिसेपर्यंत दोन तास तशाच पडून राहिल्या. मृणाली, म्हणजे आमची ही, त्यांची एकुलती एक मुलगी. तिने त्याच दिवशी आईचं सामान बांधायला घेतलं होतं. सासूबाईंनी ते सोडलं. असं दोनदा झालं. शेवटी तह ठरला तो असा: सासूबाई गावात राहतील, पण दर शनिवारी गाडी येईल आणि फोन केला की तासाभराने दारात उभी राहील. एसटी त्या गावाच्या फाट्यापर्यंतच जाते आणि फाट्यापासून पुढे सहा किलोमीटर खाडीचा बांध आहे. थोडक्यात, गाडी होती म्हणून सासूबाई आपल्या घरात होत्या.

आणि गाडीची पंधरा वर्षं डिसेंबरात भरत होती. पंधरा वर्षं झाली की गाडी पेणच्या आरटीओत नेऊन दाखवावी लागते. ती पास झाली तर आणखी पाच वर्षांचा कागद मिळतो, नाहीतर भंगार. किमयाचं इंजिनिअरिंग नुकतंच सुरू झालेलं असल्याने नव्या गाडीचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. मृणालीने आईला फोनवर स्पष्ट सांगितलं की गाडी पास झाली तर ठीक, नाहीतर तू रोह्याला येशील, आणि या वेळी मी ऐकणार नाही. पलीकडून सासूबाईंनी एवढंच विचारलं की गाडीला नक्की काय झालंय.

तेच तर कोणाला कळत नव्हतं. मग मी निकेशकडे गेलो. निकेशचं वरशात गॅरेज आहे. हा माणूस फार कमी बोलतो, आणि म्हणूनच मी त्याच्याकडे सगळ्यात शेवटी गेलो होतो. त्याने एक यंत्र आणून गाडीला जोडलं. यंत्रावर चौदा बिघाड आले. त्यातले तीन आमच्या गाडीत मुळात नसलेल्या वस्तूंचे होते. निकेशने यंत्र मिटलं आणि म्हणाला, "काका, एवढे आजार एका गाडीला नसतात. हिचं डोकं गेलंय." मग त्याने पुढच्या डाव्या सीटवर बसणारा माणूस जिथे पाय ठेवतो तिथलं कारपेट उचललं आणि मला पहिल्यांदा तो कॉम्प्युटर दाखवला. साधारण टिफिनच्या डब्याएवढी, पत्र्याची पेटी. प्लग, कॉइल, पंखा, काटे, सगळं तिच्या हुकमाने चालतं असं तो म्हणाला. माझ्या गाडीत माझ्याखेरीज आणखी कोणाचा हुकूम चालतो हे ऐकून मी जरा दुखावलो.

नवीन पेटी मिळत नव्हती. कंपनीने ती बनवायची बंद केली होती. निकेशने कुठूनतरी एका अपघातात सापडलेल्या गाडीची, त्याच नंबराची जुनी पेटी मागवली. ती आली आणि त्याने मला बजावलं की सोमवारी गाडी आणा, दोन्ही चाव्या आणा, चाव्या या नव्या पेटीला ओळखीच्या कराव्या लागतात, तोपर्यंत हात लावू नका. आरटीओची तारीख गुरुवारची होती. सोमवारी काम, गुरुवारी तपासणी, म्हणजे चांगली तीन दिवसांची सवड होती.

मी सव्वीस वर्षं धाटावच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. हे सांगायचं कारण असं की माणूस सव्वीस वर्षं पांढरा कोट घालून वावरला की त्याला आपण तांत्रिक आहोत असं वाटायला लागतं. निकेशने पेटी दाखवली तेव्हा मी बघितलं होतं की चार बोल्ट आहेत आणि दोन वायरींचे गठ्ठे आहेत. त्यात न जमण्यासारखं काय आहे? चाव्यांबद्दल तो जे बोलला ते मी गॅरेजवाल्यांचं नेहमीचं बोलणं समजून कानाआड केलं. शिवाय शनिवारी सासुरवाडीला जायचंच होतं. त्या गावात जावई म्हणून माझी ओळख आजवर फक्त वाढलेलं सगळं खाणारा माणूस एवढीच होती. तिथे भर अंगणात, चार लोकांसमोर गाडीचं डोकं बदलून दाखवावं, हा मोह मला आवरला नाही. मी पेटी आणि पाना पिशवीत टाकला आणि मृणालीला काही बोललो नाही.

शनिवारी गाडी कशीबशी सासूबाईंच्या दारात पोचली. रविवारी सकाळी मी बाह्या वर केल्या. शेजारची बायजा आली, तिच्या घरचे आले, बांधावरून जाणारे दोघेतिघे थांबले. मी प्रत्येक बोल्ट काढताना त्याची माहिती देत होतो. जुनी पेटी कट्ट्यावर ठेवली, नवी बसवली आणि चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं. समोर एक छोटं चावीचं चित्र लुकलुकायला लागलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. नवी पेटी आमच्या चावीला ओळखत नव्हती आणि ओळख करून देणारा माणूस वरशात होता. लोकांनी सल्ले दिले. ढकलून बघा, म्हणाले. आम्ही ती मिठागराच्या वळणापर्यंत ढकलली आणि परत आणली. बायजाने, जेवून घ्या मंग बगा, असा सल्ला दिला. त्यातल्या त्यात तोच पाळण्यासारखा होता.

हरकत नाही, जुनीच परत बसवू, असं म्हणून मी ती लावायला गेलो. वायरींचा गठ्ठा नीट बसेना म्हणून मी जोर केला. आतून बारीक कट् असा आवाज आला. पेटीच्या दोन पिना तुटून वायरींच्या गठ्ठ्यातच राहिल्या होत्या. आता माझ्याकडे दोन कॉम्प्युटर होते आणि एकही चालत नव्हता. मृणाली पायरीवर उभी राहून हे सगळं बघत होती. तिने आत जाऊन फळीवरची आईची ट्रंक खाली काढली. तो ट्रंकेचा आवाज बाहेर आम्हा सगळ्यांना ऐकू आला आणि सासूबाईंनाही आला.

मला तेव्हा खरोखर लाज वाटली. आपण चार लोकांत मिरवायला गेलो आणि त्यात एका बाईचं घर सुटतंय, हे लख्ख दिसत होतं. काहीतरी करायचं म्हणून मी जुन्या पेटीचे स्क्रू काढून झाकण उघडलं. आत सर्किटची हिरवी पाटी होती आणि तिच्यावर पांढरं कसलंसं धरलेलं. कोपऱ्यांत निळसर हिरवं. मी केमिस्ट आहे. ते काय आहे हे मला एका नजरेत कळलं आणि कुठून आलं हेही त्याच नजरेत कळलं.

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी सासूबाई आम्हाला अर्धं पोतं मीठ देतात. डिकीत पोहे, पापड आणि सुकट असते. मिठाचं पोतं पोह्यांजवळ ठेवलेलं मृणालीला चालत नाही. म्हणून ते पुढे, डाव्या सीटच्या पायाशी उभं राहतं. आणि मी ते लगेच उतरवतो असंही नाही. आज एका शेजाऱ्याला डबाभर, उद्या दुसऱ्याला डबाभर असं करत ते दीड-दीड महिना गाडीतच असतं. पावसाळी हवेत मीठ पाझरतं. ते कारपेटमधून खाली, आणि खाली कोण, तर कॉम्प्युटर. अशी चौदा वर्षं.

मी ठरवलं की हे सासूबाईंना कळू द्यायचं नाही. ज्या गाडीवर त्यांचं घर टिकलं आहे ती त्यांच्याच मिठाने मारली, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो? त्या माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या आणि पेटीत बघायला लागल्या. मी म्हणालो, दमट हवा, दुसरं काही नाही, कोकणात हे व्हायचंच. लॅबमधल्या आवाजात म्हणालो. त्यांनी बोट पुढे केलं, त्या पांढऱ्यावरून फिरवलं आणि जिभेला लावलं. मला त्यांना अडवायलाही वेळ मिळाला नाही.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा जीभ फिरवली. "आमचंच हाय. मे मयन्यातलं, शेवटचं. कडवट लागतंय बगा."

यात चूक काढायला जागा नव्हती. हंगामाच्या शेवटी जे मीठ धरतं त्यात मॅग्नेशियम जास्त येतं, ते कडवट लागतं आणि हवेतलं पाणी तेच जास्त ओढतं. हे मी पुस्तकात वाचलं आहे, परीक्षेतही लिहिलं आहे. पण सव्वीस वर्षांत मी एकही नमुना चाखलेला नाही. सासूबाई उठल्या आणि घरात गेल्या. मला वाटलं, झालं, आता आत बसून रडणार. मी मृणालीला खूण केली की आत जा. ती दारापर्यंत गेली तोच सासूबाई बाहेर आल्या. एका हातात पितळी परात, दुसऱ्या हातात माझा दात घासायचा ब्रश.

"धू या याला," त्या म्हणाल्या.

इलेक्ट्रिकच्या वस्तूला पाणी लावायचं नाही हे मी त्यांना समजावून सांगायला लागलो. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि मग आपलं सांगितलं. मिठागरात खाडीचं पाणी चढवायला मोटर आहे. तिच्या स्टार्टरच्या डब्यात मीठ शिरतंच. हंगाम संपला की दर जूनला त्या तो डबा खोलतात, गोड्या पाण्याने धुतात, तीन दिवस सावलीत वाळवतात आणि पुढच्या हंगामाला लावतात. तो स्टार्टर बावीस वर्षं चालू आहे. गावातल्या दुसऱ्या कोणाचा चार वर्षांवर टिकलेला नाही, कारण ते लोक फडक्याने पुसतात.

"पुसल्यानं मीठ जात नाय, जावय. पुसलं का आत सरकतं. जिथनं आलं तिथं जातं, पान्यात."

मी निकेशला फोन लावला, तो मुळात हे थांबवावं म्हणून. आधी त्याने नव्या पेटीचं काय झालं ते ऐकून घेतलं आणि तुटलेल्या पिना मला दोनदा मोजायला लावल्या. हे मोजणं मला एखाद्या शिवीपेक्षा जास्त लागलं. मग धुण्याचं सांगितल्यावर म्हणाला, "आजी बरोबर बोलतायत. पण विहिरीचं पाणी नको, त्यात क्षार असतात. बॅटरीत घालतात ते पाणी घ्या. आणि काका, तुम्ही हात लावू नका. आजींनाच धुवू द्या."

बॅटरीच्या पाण्याचे पाच कॅन पेणहून आणवले. सासूबाई अंगणात पाट टाकून बसल्या. परातीत पाणी, पाण्यात आमच्या गाडीचं डोकं, आणि माझ्या ब्रशने त्या ते असं हलक्या हाताने घासत होत्या की एकही तार वाकली नाही. मी नुसता बघत होतो. एकदा धुऊन झालं की त्या परातीतल्या पाण्यात बोट बुडवत आणि जिभेला लावत. "हाय अजून." ते पाणी ओतून दुसरं घेत. दुसऱ्यांदा, "हाय." तिसऱ्यांदा जरा विचार केला. "हाय, वाईच." चौथ्यांदा त्यांनी डोळे मिटले, दोनदा चाखलं आणि म्हणाल्या, "आता नाय." बायजाने खात्री करायला म्हणून बोट पुढे केलं, तर तिला त्यांनी चाखू दिलं नाही. तू आताच मासळी खाऊन आलीस, म्हणाल्या.

ते चौथं पाणी मी एका बाटलीत भरून घेतलं. कोणाला दिसू दिलं नाही. सोमवारी लॅबमध्ये ते यंत्राला लावून बघितलं. क्षार जवळजवळ शून्य होता. मग मी मुद्दाम आमच्या लॅबमधलं शुद्ध पाणी लावून बघितलं, सासूबाईंचं पाणी त्याच्यापेक्षा केसभरच जास्त. ज्या यंत्रावर हे कळतं त्याची वर्षातून दोनदा बाहेरून माणूस येऊन तपासणी करतो, आणि सासूबाईंच्या जिभेची त्र्याहत्तर वर्षांत कोणी केलेली नाही. मी तो कागद छापून घेतला आणि खिशात ठेवला. साहेबांनी विचारलं, कोणत्या प्लांटचा नमुना? मी म्हणालो, पेणचा.

पेटी वाळायला ठेवली ती चुलीच्या वर जी फळी असते तिच्यावर. तिथे कायम ऊब असते आणि म्हणून सासूबाईंची वर्षभराची सुकटही तिथेच असते. रविवारपासून बुधवारपर्यंत आमच्या गाडीचा कॉम्प्युटर सुक्या कोलंबीच्या शेजारी राहिला. आम्ही दोघं रविवारीच एसटीने रोह्याला परत आलो होतो. फाट्यापर्यंतचे सहा किलोमीटर बायजाच्या घरच्या टेम्पोत, मागे उभं राहून. मृणाली वाटेत एकच वाक्य बोलली: "गुरुवारी काय ते कळेल." आई आली तर कुठली खोली द्यायची, पडदे कुठले लावायचे, हे तिच्या डोक्यात चालू होतं. तिलाही हे सगळं सोपं जात होतं असं नाही. आईला त्या घरातून काढायचं म्हणजे काय हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

बुधवारी निकेश मोटरसायकलवरून सासूबाईंच्या गावी आला. मी रजा टाकून मृणालीबरोबर आदल्या दिवशीच पोचलो होतो, आणि दिवसभर हात मागे बांधून उभं राहणं एवढंच काम मला होतं. निकेशने आम्ही आणलेल्या दुसऱ्या पेटीच्या दोन पिना काढून आमच्या पेटीला जोडल्या. म्हणजे ती खरेदी अगदीच वाया गेली नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. मग त्याने भिंग लावून सगळी पाटी तपासली आणि मान वर करून सासूबाईंना विचारलं, की आजी, एवढं साफ कशाने केलंत? त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. जावयाचा बुरुस, म्हणाल्या. त्याने पेटी बसवली. चावी फिरवली. गाडी सुरू झाली, पिवळं चित्र पेटलं आणि तीन सेकंदांत विझलं. काटे आपापल्या जागी जाऊन बसले. निकेशने सासूबाईंच्या पायांना हात लावला. मी त्याला इतक्या वर्षांत कोणापुढे वाकलेलं बघितलं नव्हतं.

गुरुवारी आम्ही चौघं तपासणीला गेलो. निकेश मोटरसायकलवर पुढे, गाडीत मी, मृणाली आणि सासूबाई. त्यांना येऊ नका म्हटलं होतं, ऊन आहे, रांग असते. पण त्या आधीच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. आरटीओत मी नेलेल्या कागदांत सगळं होतं, फक्त धुराच्या तपासणीचा कागद बुधवारी संपलेला होता. तो करून आणला. मग अर्जाची एक प्रत कमी निघाली. ती काढून आणली, तोवर आमचा नंबर मागे गेला. शेवटी तपासणी करणाऱ्या मॅडम आल्या. तरुण होत्या, पण काम चोख. दिवे बघितले, ब्रेक बघितले, बंपरची तार बघून माझ्याकडे बघितलं. मग चासी नंबर विचारला. आमच्या गाडीत तो पुढच्या डाव्या सीटखाली कोरलेला आहे, म्हणजे मिठाच्या पोत्याच्या आणखी थोडं मागे. सीट सरकवली तर तिथे नंबर नव्हता, नुसता गंज होता.

नंबर वाचता आला नाही तर पुढे जाता येणार नाही, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्यांचं बरोबरच होतं. ही गाडी तीच आहे हे त्यांनी कशावरून मानायचं? मृणालीने मान खाली घातली. मी निकेशकडे बघितलं, निकेशने गाडीकडे. एवढ्यात सासूबाई खाली उतरल्या आणि कुंपणाजवळच्या नारळवालीकडून सोडणाचा एक तुकडा मागून घेऊन आल्या. गाडीत गुडघ्यांवर बसल्या आणि घासायला लागल्या. घाई नाही, जोर नाही. दहा मिनिटांनी पहिला आकडा दिसला. मॅडम दुसरी गाडी बघायला गेल्या होत्या, त्या परत येऊन उभ्या राहिल्या. मागच्या रांगेतले दोघं खाली उतरून बघायला आले. शेवटचा आकडा दिसला तेव्हा मॅडमनी पेन्सिलने त्याचा ठसा घेतला, कागदाशी ताडून बघितला आणि गाडी सुरू करायला सांगितली. मी चावी फिरवली. पिवळं चित्र पेटलं, विझलं.

मॅडमनी आत डोकं घालून काटे बघितले आणि नाक जरा आक्रसलं. "वास कसला येतोय?"

"सुकटीचा," सासूबाई म्हणाल्या. "कॉम्प्युटरला येतोय. जाईल दोन दिसांत."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. अर्जात वासासाठी रकाना नसावा. त्यांनी सही केली.

पाच वर्षं मिळाली. मी बाहेर येऊन ते सांगितलं तेव्हा सासूबाई गाडीला टेकून उभ्या होत्या, हाताला गंज लागलेला, कपाळाला घाम. मी खिशातला लॅबचा कागद काढून त्यांना दाखवला, त्यांच्या चौथ्या पाण्याचा. हा शून्य म्हणजे तुम्ही "आता नाय" म्हणालात ते, असं सांगितलं. मला वाटलं त्या खूश होतील. त्या म्हणाल्या, "मंग? मी काय खोटं बोलले व्हते?" मला या बाईंचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्यासाठी गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

गाडी गेटाबाहेर काढली. मृणाली मागे आईशेजारी बसली होती. तिचा पाय कशाला तरी लागला, म्हणून तिने वाकून बघितलं. सीटखाली एक गाठोडं होतं. तिने ते वर घेतलं आणि सोडलं. आत दोन लुगडी होती, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि सासऱ्यांचा भिंतीवरचा फोटो, टॉवेलात गुंडाळलेला. मी गाडी बाजूला घेतली.

"हे काय गो आई?" मृणालीने विचारलं.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "गाडी नापास झाली असती तर तसंच तुमच्यासंगं रोह्याला यायचं व्हतं ना. माझ्याच मिठानं मेली असती ती. मंग मी कोन्या तोंडानं नाय म्हनले असते?"

मृणाली रडत होती आणि तिने ते लपवलंही नाही. मग तिने फोटो पुन्हा टॉवेलात नीट गुंडाळला, लुगड्यांची घडी केली, गाठोड्याची गाठ मारली आणि ते आईच्या मांडीवर ठेवलं.

"गाडी गावाकडे घ्या," ती मला म्हणाली.

मी वळवली. बांध लागला. मग सासूबाई पुढे वाकल्या.

"बायजाच्या दारात जरा थांबवा," त्या म्हणाल्या. "घराची चावी तिच्याकडं देऊन आलेय."